नफ्याचा आकडा आणि १९५५ चे वचन

स्टेट बँकेने २०२४-२५ या आर्थिक वर्षात ७० हजार कोटी रुपयांहून अधिक निव्वळ नफा मिळविला. बावीस हजारांहून अधिक शाखांच्या या बँकेचे हे यश लहान नव्हे, आणि त्यामुळे ठेवीदारांस धीर वाटावा हेही स्वाभाविक आहे. परंतु एवढ्यावरूनच बँकेचे कार्य सफल झाले असे जे मानतात, त्यांना ती कशासाठी जन्मास आली याचे विस्मरण झाले आहे, असे आम्हांस वाटते.

तिचे पूर्वज तीन. १८०६ मध्ये कलकत्त्यास निघालेली व पुढे ‘बँक ऑफ बेंगॉल’ झालेली पेढी, १८४० ची बँक ऑफ बॉम्बे आणि १८४३ ची बँक ऑफ मद्रास. सरकारी खजिना व बंदरांतील व्यापार सांभाळणे हे त्यांचे काम. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा मुंबईच्या बँकेने शेअरांच्या तारणावर बेसुमार कर्जे दिली आणि १८६८ मध्ये तिला टाळे लागले. त्याच वर्षी त्याच नावाने नवी बँक उभी राहिली. १९२१ मध्ये या तिघींची इंपीरियल बँक झाली. पण तिचीही दृष्टी शहराची वेस ओलांडून फारशी पलीकडे गेली नाही.

ती वेस ओलांडण्याची निकड सिद्ध केली गोरवाला समितीने. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ या समितीचे एक सदस्य होते. शेतकऱ्याच्या कर्जात सावकारांचा वाटा सुमारे ७० टक्के, सहकारी संस्थांचा सुमारे ३ टक्के आणि व्यापारी बँकांचा १ टक्क्याहूनही कमी, हे विदारक चित्र तिच्या १९५४ च्या अहवालाने देशापुढे मांडले. त्यातून १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक अस्तित्वात आली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर होते व ते तिने मुदतीत पाळले.

या कायद्यातील एक तरतूद विशेष मननीय आहे. नव्या शाखांना होणारा तोटा भरून काढण्यासाठी, रिझर्व्ह बँकेस मिळावयाच्या लाभांशातून एक स्वतंत्र निधी उभारावयाचा होता. म्हणजे खेड्यात जाणे प्रारंभी तोट्याचे ठरणार, हे कायदा करणारांनी ओळखले होते आणि तो तोटा डोळे उघडे ठेवून पत्करला होता.

त्या दृष्टीचा विसर पडला म्हणजे काय होते, हे २०१७ मध्ये दिसले. त्या वर्षी एप्रिलमध्ये पाच सहयोगी बँका स्टेट बँकेत विलीन झाल्या. त्याच महिन्यापासून खात्यात किमान शिल्लक न राखणाऱ्या सामान्य ठेवीदारांवर पुन्हा दंड बसू लागला. २०१७-१८ चे वर्ष संपले, तेव्हा बँकेला ६,५४७ कोटींचा तोटा झाला होता. त्यातील मोठा भाग बुडीत कर्जांचा होता आणि ती कर्जे काही किमान शिल्लक न राखणारांनी बुडविलेली नव्हती. बचत खात्यांवरील हा दंड मार्च २०२० मध्ये रद्द झाला, हे योग्यच झाले.

बँक म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे, असे कोणी म्हणेल. ते आम्हांस मान्य आहे. लोकांच्या ठेवी उधळून लोककल्याण साधत नाही. पण आज नफा भरपूर आहे. तोट्याची सबब राहिलेली नाही. म्हणून आमची सूचना साधी आहे: वार्षिक अहवालात नफ्याच्या आकड्याशेजारीच, ग्रामीण शाखांनी प्रत्येक जिल्ह्यात गोळा केलेल्या शंभर रुपयांतील किती रुपये त्याच जिल्ह्यातील लहान शेतकरी व कारागिरांस कर्जाऊ मिळाले, हे ठळकपणे छापावे. अर्ध्याहून अधिक भागभांडवल शासनाचे, म्हणजे जनतेचे आहे. मालकाने हिशेब मागावा, यात वावगे ते काय? खेड्यातला पैसा शहरात आणण्याचा मार्ग म्हणून या शाखा निघाल्या नव्हत्या, एवढे तरी त्या हिशेबातून स्पष्ट व्हावे.