पायवाट आणि बाजारपेठ

तंजावरला जाणाऱ्या मराठी माणसाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख पाहावयाचा, वाहनाने राजवाडा व सरस्वती महाल ग्रंथालय गाठावयाचे आणि सायंकाळी पुढच्या गावी निघावयाचे. मीही प्रथम असाच गेलो होतो. दुसऱ्या खेपेस मात्र मंदिरापासून राजवाड्यापर्यंत पायी गेलो आणि प्रशासक म्हणून एक साधी गोष्ट ध्यानात आली. मोटारीतला पर्यटक शहर ओलांडतो. पायी चालणारा थांबतो, कॉफी घेतो, दुकानात डोकावतो.

तंजावरी चित्रे, चांदी-तांब्याचे नक्षीकाम केलेली तबके, मान डोलावणाऱ्या बाहुल्या व वीणा यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यामुळे नकलेविरुद्ध कायद्याचा आधार मिळतो. गिऱ्हाईक मात्र दारावरून चालत यावे लागते.

अमेरिकेतील वाचकांनी बॉस्टनची ‘फ्रीडम ट्रेल’ पाहिली असेल. १९५०च्या दशकात कल्पिलेली ही सुमारे चार किलोमीटरची वाट जुन्या शहरातील १६ स्थळे जमिनीवरील लाल रेषेने जोडते. स्थळे पूर्वीपासूनच होती. रेषेने त्यांना एकत्र गुंफले आणि पाहुण्याची पावले मधल्या गल्ल्यांतून वळविली.

तंजावरची निवड २०१६ मध्ये स्मार्ट सिटी अभियानात झाली होती. परंतु अशा वाटेसाठी मोठ्या निधीपेक्षा सातत्य अधिक लागते: अखंड पदपथ, सावली, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे आणि तमिळ व इंग्रजीबरोबर मराठीतही फलक. तिथले ऊन लक्षात घेता सावली ही चैन नव्हे, ती पहिली अट आहे.

येथे एक कबुली देणे भाग आहे. सेवेत असताना एका गावी ‘सुशोभीकरणा’साठी मी फेरीवाले हटविले. रस्ता देखणा झाला, पण संध्याकाळी तेथे कोणी थांबेना. गर्दी ज्यांच्यामुळे होती, त्यांनाच मी अडथळा समजलो होतो. २०१४च्या पथविक्रेता कायद्यानुसार आधी सर्वेक्षण व्हावे लागते आणि विक्रेत्यांना नगर पथविक्रेता समितीत स्थान मिळते. वाट आखणाऱ्याने नकाशा उघडण्यापूर्वी ही समिती बोलवावी. वाटेमुळे भाडी वाढून कारागीरच विस्थापित झाला, तर पाहुण्याला दाखविण्यासारखे तरी काय उरेल?

वाचकहो, पुढच्या वेळी तंजावरला गेलात तर राजवीथींतून पायीच चाला. शासनाची वाट होईल तेव्हा होईल. तिची मागणी मात्र आपल्या पावलांनीच नोंदवायची आहे.