मैदान कोणाचे?

अमेरिकेत लंबगोल चेंडूने, मुख्यतः हातांनी खेळल्या जाणाऱ्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये अजिंक्यपदासाठी चार संघांची बाद स्पर्धा २०१४ च्या हंगामापासून सुरू झाली. उपांत्य सामने सहा जुन्या ‘बोल’ सामन्यांकडे आळीपाळीने जात. कोणता संघ कोठे खेळणार, हे निवड समिती ठरवी. अग्रमानांकित संघाला प्रतिस्पर्ध्याच्या पाठीराख्यांच्या गर्दीत खेळावे लागू नये, त्याच्या प्रेक्षकांना प्रवास सोयीचा व्हावा, हा तिचा दंडक. तो न्याय्यच होता. परंतु निवड त्या ठरलेल्या मैदानांतूनच करावयाची होती.

२०२४ च्या हंगामापासून संघ बारा झाले. पाचव्या ते आठव्या मानांकनाच्या संघांना पहिली फेरी स्वतःच्या विद्यापीठात खेळता येते. पहिल्या चौघांना थेट पुढची फेरी मिळते. विद्यापीठाचे मैदान मात्र एकदाही नाही, कारण उपांत्यपूर्व व उपांत्य सामने बोल-संयोजकांकडे राखलेले आहेत. सरस ठरणाऱ्याच्या पदरी परगाव, आणि पाठीराख्या विद्यार्थ्यांच्या माथी फेरीफेरीचा प्रवासखर्च!

महासाथीच्या काळात कॅलिफोर्नियात प्रेक्षकांना, खेळाडूंच्या आईवडिलांनादेखील, प्रवेश नव्हता. तेव्हा १ जानेवारी २०२१ चा उपांत्य सामना, म्हणजे पॅसाडीनाचा ‘रोझ बोल’, टेक्सासमधील आर्लिंग्टनला हलविण्यात आला. परंपरेचे स्थळ अढळ नसते, हे संयोजकांनीच सिद्ध केले. जे स्थळ एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेता येते, ते विद्यार्थ्यांच्या अंगणात का आणता येऊ नये? मैदानाचा पहिला हक्क खेळणाऱ्यांचा. तो मान्य होईपर्यंत समितीचा न्याय अर्धाच राहील.