वायर काढली की लॅपटॉप बंद!



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पौडजवळच्या एका वस्तीत वर्षावासानिमित्त विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. बाहेर मुळशीचा पाऊस. तो कसा असतो हे इकडच्या वाचकांना सांगायला नको. वाचन अर्ध्यावर आले आणि लाईट गेली. मेणबत्त्या लावतो न लावतो तोच शेजारच्या घरातली मुलगी डोळे पुसत आली. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकते.

"काका, सगळं गेलं हो! तिसऱ्यांदा फॉर्म भरत होते. लाईट गेली की लॅपटॉपपण बंद पडतो."

"अगं, पण लॅपटॉपला बॅटरी असते ना?"

"असते. शंभर टक्के दाखवते. पण वायर काढली की लगेच बंद."

फॉर्म होता भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा, जो आता महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो. शेवटची तारीख चार दिवसांवर आली होती. ही शिष्यवृत्ती आपल्याला कशी मिळाली ते मुलांना ठाऊक असावे म्हणून सांगतो. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. 1942 साली त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले, त्यात उच्च शिक्षणासाठी पैसा मागितला, आणि 1944 साली ही योजना सुरू झाली. त्याच मंत्रिपदाच्या काळात देशाच्या विजेचे धोरणही त्यांच्याच खात्याकडे होते. त्या रात्री आमच्यापुढे या दोन्ही गोष्टी एकदम अडल्या होत्या, वीज आणि शिष्यवृत्ती! ज्या मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याला उतरवून 1927 पासून वीज तयार होते, त्याच तालुक्यात आम्ही मेणबत्त्या शोधत होतो. असो, तो विषय वेगळा आहे.

लॅपटॉप जुना घेतलेला. मुलीची आई हिंजवडीत हाऊसकीपिंगचे काम करते. तिथल्या कंपन्या तीन-चार वर्षे वापरलेली मशिने काढून टाकतात, व्यापारी ती घेऊन विकतात. ताईंनी बचत गटातून कर्ज काढून नऊ हजारांना हे मशीन आणले होते. बंद पडू लागल्यावर त्या एका दुकानात घेऊन गेल्या. दुकानदाराने मशीन उघडलेही नाही. म्हणाला, "मदरबोर्ड गेला. साडेचार हजार होतील. त्यापेक्षा दुसरा घ्या."

ताई मला म्हणाल्या, "दादा, अजून जुन्याचे हप्ते फिटले नाहीत, दुसरा कुठून घेऊ?"

कोणी जाणकार सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, असे भगवंतांनी कालामांना सांगितले. ते दुकानदारालाही लागू आहे. मी काही इंजिनिअर नाही, कॉमर्सचा माणूस. पण हे तपासायला इंजिनिअर लागत नाही.

लॅपटॉपला वीज दोन वाटांनी मिळते. एक भिंतीतून चार्जरमार्गे, दुसरी पोटातल्या बॅटरीतून. चार्जर लावला असताना मशीन तासन्‌तास नीट चालते आणि काढला की मरते, याचा साधा अर्थ दुसरी वाट बंद आहे. मदरबोर्ड पार गेला असता तर मशीन चार्जरवरही चालले नसते. मदरबोर्डवरचा बॅटरीला जोडणारा भाग बिघडू शकतो, नाही असे नाही. पण संशय धरायचा तो आधी बॅटरीवर.

मग बॅटरी शंभर टक्के कशी दाखवते? हंड्याच्या तळाशी गाळ साचला तर हंडा वरून भरलेलाच दिसतो, पण ओतायला गेले की तांब्याभरच पाणी निघते. लिथियमच्या बॅटरीचे तसेच होते. साधारण तीनशे ते पाचशे वेळा भरून रिकामी झाली की तिची ताकद उतरू लागते. पडद्यावरचा आकडा राहिलेल्या ताकदीच्या शंभर टक्क्यांचा असतो, मूळच्या ताकदीच्या नव्हे. शिवाय म्हाताऱ्या बॅटरीवर एकदम भार पडला की तिचा दाब क्षणात खाली येतो आणि मशीन झटक्यात बंद होते.

मूळची ताकद किती आणि राहिली किती, हे विंडोज स्वतः सांगते. लाईट आल्यावर आम्ही तेच पाहिले. शोधाच्या चौकटीत कमांड प्रॉम्प्ट असे लिहून काळी खिडकी उघडायची. तिच्यात इंग्रजी अक्षरांत पॉवरसीएफजी लिहायचे, एक जागा सोडायची, मग तिरकी रेघ आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट असा एकच शब्द. एंटर दाबले की एक फाईल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही तिथेच छापून येते. त्या फाईलमध्ये डिझाइन कपॅसिटी हा कंपनीतून निघतानाचा आकडा, आणि फुल चार्ज कपॅसिटी हा आजचा. आमच्या मशीनचा पहिला आकडा 42,000 च्या आसपास होता, दुसरा 3,100! कारकुनाला हिशेब लगेच कळतो. शंभरातले आठसुद्धा धड उरले नव्हते. निम्म्याच्या खाली आकडा गेला की नव्या बॅटरीची तयारी ठेवावी.

जुन्या पद्धतीच्या लॅपटॉपमध्ये बॅटरी खालून खटका सरकवून निघते. ती काढून नुसत्या चार्जरवर मशीन चालवून पाहावे. चालले तर बाकीचे शरीर धडधाकट आहे. पिनांवर काळेपणा दिसला तर मशीन बंद ठेवून कोरड्या कापडाने पुसावे. कधी एवढ्यानेच काम होते. बॅटरी आत बसवलेली असेल तर चार्जर काढून चालू करायचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, मग चार्जर लावून सुरू करावे. अडकलेले चार्जिंग कधीकधी यानेही सुटते.

बॅटरी चांगली असूनही असे होऊ शकते. वस्तीतल्या एका मुलाने मित्राचा चार्जर वापरायला घेतला. पिन बसली, लॅपटॉप चालला, पण 'जोडले आहे, चार्ज होत नाही' असे खाली दिसत राहिले. त्याने तिकडे लक्ष दिले नाही. चार्जर कमी वॅटचा होता. मशीन जेमतेम चालत होते, बॅटरीला काहीच मिळत नव्हते. मूळचा चार्जर लावला आणि दोन तासांत बॅटरी भरली. म्हणून चार्जरवरचा व्होल्ट आणि वॅटचा आकडा लॅपटॉपच्या खाली छापलेल्या आकड्याशी ताडून पाहा. आणखी एक प्रश्न दुकानदाराला जरूर विचारा. आधी कोणी रॅम वाढवायला मशीन उघडले होते का? उघडले असेल तर बॅटरीची आतली पट्टी सैल बसलेली असू शकते. ती दाबून बसवायचे कोणी साडेचार हजार घेत नाही!

आमच्या मुलीला त्या चार दिवसांत नवी बॅटरी मिळणे शक्य नव्हते. विहारात एक जुना संगणक आहे, त्याचा यूपीएस आम्ही उचलून तिच्या घरी नेला आणि लॅपटॉपचा चार्जर त्याला जोडला. मोठ्या संगणकापेक्षा लॅपटॉप फार कमी वीज खातो, त्यामुळे तो यूपीएस बराच वेळ पुरला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा लाईट गेली. मुलगी मोबाईलच्या इंटरनेटवर शांतपणे दाखले चढवत बसली होती. रात्री साडेनऊला फॉर्म गेला. पावतीचा कागद ताईंनी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवला.

पुढच्या महिन्यात पगार झाल्यावर बॅटरी घेतली, सतराशे रुपयांना. घेताना नुसते लॅपटॉपचे नाव सांगू नका. जुन्या बॅटरीवरचा नंबर आणि व्होल्ट उतरवून न्या, बनवल्याची तारीख पाहा आणि वॉरंटी लिहिलेले पक्के बिल मागा. बिल मागायला लाजू नका. दुकानात दोन वर्षे पडून राहिलेली बॅटरी नवी म्हणून गळ्यात मारली जाते.

जुन्या बॅटरीविषयी मात्र कळकळीने सांगतो. लॅपटॉपची पाठ किंवा बोटांची पाटी फुगलेली दिसली तर त्याच क्षणी चार्जर काढा, मशीन बंद करा. फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका. ती पेट घेते. आणि ती घरच्या कचऱ्यात टाकू नका. तो कचरा हाताने वेगळा करणाऱ्या स्त्रिया कोण आहेत? पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती ज्या कष्टकरी भगिनींसाठी, त्यांत आपल्याच घरच्या कितीतरी आहेत. बॅटरी ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या, नाहीतर जिथून नवी घेतली तिथे परत करा.

नवी बॅटरी टिकवायची तर उष्णतेपासून जपा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या पत्र्याच्या घरात दुपारी जी भट्टी होते, तीत लॅपटॉप गादीवर ठेवून दिवसरात्र चार्जरला लावला की बॅटरी लवकर म्हातारी होते. खाली पाट किंवा फळी ठेवा. वीस टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका, रोज शंभरापर्यंत भरायचीही गरज नाही. आणि मुलांनो, लिहिताना दर पाच मिनिटांनी कंट्रोल आणि एस दाबत जा. बॅटरी नवी असली तरी.

रविवारी सकाळी वंदनेनंतर मी विहारात असतो. कोणाचे असे मशीन असेल तर घेऊन या. आकडे काढून पाहू, मगच दुकानात जा. येताना चार्जर विसरू नका.