लपवण्यासारखं काही नाही?

मंडळी, हल्ली एक वाक्य वरचेवर कानावर पडतं. "ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्याने घाबरायचं कशाला?" सोसायटीत कॅमेरे बसवायचं निघालं की कोणीतरी हे म्हणतं. फोनमधलं एखादं ॲप पत्ता, फोटो, ओळखीच्यांचे नंबर सगळं मागायला लागलं की घरातली तरुण मंडळीही हेच म्हणतात. वाक्य दिसायला सोज्वळ आहे. पण त्याच्या पोटात एक गृहीतक आहे, की लपवतो तो चोरच. मला ते मुळीच पटत नाही. का पटत नाही ते सांगायला मी आज तुम्हाला चक्क लाट्वियाला नेणार आहे!

आता हे लाट्विया कुठून उपटलं? घरच्यांना ठाऊक आहेच, बाकीच्यांसाठी सांगतो. भाचीचा मुलगा रिगाला शिकायला होता. परत आला तेव्हा त्याने सामानातला एक इंग्रजी-लाट्वियन शब्दकोश मला देऊन टाकला. जन्मभर फळ्यावर व्याकरण लिहिलेल्या माणसाच्या हाती शब्दकोश पडला की दुपारची झोप गेलीच म्हणून समजा.

लाट्वियन ही जेमतेम पंधरा-वीस लाख लोकांची भाषा. बाल्टिक शाखेच्या दोनच भाषा आज जिवंत आहेत, ही आणि लिथुआनियन. आपल्याशी मात्र लांबचं नातं आहे. आपला देव तो त्यांचा 'दिएव्स', आपला धूर तो त्यांचा 'दूमी', आपली गाय ती त्यांची 'गुओव्स'. सगळं एकाच जुन्या गोतातलं.

तर या शब्दकोशात मी लपवण्याचे शब्द पाहत बसलो होतो. इंग्रजीत 'हाइड' आणि 'कन्सील' हे शब्द मुलं परीक्षेत समानार्थी म्हणून लिहितात आणि आपण मार्कही देतो. पण सूर्य ढगाआड 'हाइड' होतो, तो काही 'कन्सील' करत नाही. कन्सील करायला मनात हेतू लागतो. हा शब्द लॅटिनमधून आला. त्याचं मूळ झाकण्याच्या ज्या प्राचीन धातूत आहे, त्याच धातूतून इंग्रजीचा 'हेल' म्हणजे नरकही आला. नरक म्हणजे मुळात झाकलेली जागा! उलट 'हार्बर' पाहा. नाम असेल तर बंदर, क्रियापद असेल तर आसरा देणे. वादळात सापडलेल्या जहाजाला बंदर जे करतं, तेच पळून आलेल्या माणसाला घर करतं.

लाट्वियनमध्ये लपवण्याचं मुख्य क्रियापद 'स्लेप्त'. त्याचं गोत मोठं आहे. 'पस्लेपेस' म्हणजे मुलांची लपाछपी. 'स्लेपेन्स' म्हणजे गुप्त. 'नुओस्लेपुम्स' म्हणजे गुपित किंवा रहस्य. आणि त्याच ओळीत पुढे 'स्लेपकवा', म्हणजे खुनी. 'लपून' आणि 'मारणे' या दोन शब्दांची ही जोड आहे, चोरून मारतो तो स्लेपकवा. लपाछपी खेळणारं पोर आणि खुनी एकाच घराण्यातले, हे वाचून मी जरा थबकलोच.

पण त्याच भाषेत दुसरं एक घराणं आहे. 'ग्लबात' म्हणजे जपून ठेवणे, सांभाळणे. 'ग्लाब्त' म्हणजे वाचवणे, जीव वाचवणे. दोन्हींचं मूळ एकच, फरक म्हणाल तर काना कुठे द्यायचा एवढाच. 'अपग्लबात' म्हणजे पुरणे, दफन करणे. वस्तू डोळ्यांआड ठेवणं, माणूस वाचवणं आणि मेलेल्याला मातीच्या स्वाधीन करणं, या तिन्हींमध्ये त्या लोकांना सांभाळणंच दिसलं. आणि तिसरा शब्द 'नुओक्लुसेत'. 'क्लुस' म्हणजे शांत. बोलायला हवं होतं तिथे गप्प राहून लपवणं, त्याला हा शब्द. हा प्रकार आपल्या ओळखीचा नाही असं कोण म्हणेल!

आता हे शब्द जिथले आहेत तिथे जाऊ. १ जुलै १९४१ ला जर्मन सैन्याने रिगा घेतलं. शहरातल्या ज्यूंची नोंदणी झाली, कपड्यांवर पिवळी चांदणी लावायची सक्ती झाली, मग त्यांना घेट्टोत कोंडलं गेलं. ३० नोव्हेंबर आणि ८ डिसेंबर १९४१ या दोन दिवसांत शहराजवळच्या रुंबुला इथल्या जंगलात सुमारे २५,००० ज्यूंना गोळ्या घालून मारलं. या लोकांकडे लपवण्यासारखं काय होतं हो? काहीच नाही. दुकानदार, शिक्षक, शिंपी, लेकुरवाळ्या बाया. त्यांचं नाव, धर्म, पत्ता सगळं उघड होतं, आणि मारणाऱ्यांना तेवढंच पुरेसं होतं.

त्याच शहरात झानिस लिपके नावाचा बंदरावरचा कामगार होता. युद्धाच्या काळात तो जर्मन हवाई दलाच्या गोदामात कामाला होता. तिथे घेट्टोतून ज्यू मजूर आणले जात. त्यातल्या जमेल तेवढ्यांना लिपके युक्तीने बाहेर काढी. कीपसाला बेटावर त्याचं घर होतं. सरपणाच्या खोपटाखाली त्याने तळघर खणलं, जेमतेम तीन मीटर लांब आणि तेवढंच रुंद. त्यात एका वेळी आठ ते बारा माणसं राहत. बायको योहाना सगळ्यात बरोबरीने होती. इतरत्र लपवलेले धरून या नवराबायकोने आणि त्यांच्या साथीदारांनी चाळीसहून अधिक जीव वाचवले. इस्रायलच्या याद वाशेम या संस्थेने १९६६ मध्ये त्यांचा गौरव केला आणि २०१२ मध्ये त्या घराशेजारी स्मारक उभं राहिलं. बंदरावरच्या माणसाने घराचंच बंदर केलं. इंग्रजीच्या 'हार्बर'चे दोन्ही अर्थ मला त्या खोपटात भेटले.

आता दुसरी बाजू. २३ ऑगस्ट १९३९ ला जर्मनी आणि सोव्हिएत रशियाने अनाक्रमणाचा करार केला. करार जगाला दाखवला, पण सोबतचा गुप्त मसुदा झाकून ठेवला. त्यात पूर्व युरोपची वाटणी होती आणि लाट्विया रशियाच्या वाट्याला घातला होता. १९४० मध्ये रशियाने तो गिळलाही. असा मसुदा अस्तित्वातच नाही, असं मॉस्को पन्नास वर्षं सांगत राहिलं. करारालाच पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, २३ ऑगस्ट १९८९ ला, तिन्ही बाल्टिक देशांतली सुमारे वीस लाख माणसं हातात हात घालून टॅलिनपासून व्हिल्नियसपर्यंत उभी राहिली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मॉस्कोच्या संसदेने तो मसुदा मान्य करून त्याचा निषेध केला.

पाहा, लिपकेनेही लपवलं आणि मॉस्कोनेही लपवलं. शब्दकोशाला विचाराल तर क्रियापद एकच निघेल. पण लिपके दुबळ्याला बलवानापासून लपवत होता, आणि मॉस्कोतले बलवान आपली करणी दुबळ्यांपासून लपवत होते. एकाला आसरा म्हणायचं, दुसऱ्याला कारस्थान.

कोणी म्हणेल, मास्तर, मग उद्या गुन्हेगारालाही घरात ठेवा! तसं नाही. ज्याने दुसऱ्याचं नुकसान केलं आहे त्याला पाठीशी घालणं म्हणजे ज्याचं नुकसान झालं त्याच्यापासून सत्य लपवणं. तिथे दुबळा कोण ते स्पष्टच आहे. म्हणून मी एवढंच म्हणतो, की 'काय लपवलंय' हे विचारण्याआधी 'कोणापासून आणि कोणासाठी' हे विचारा. सामान्य माणसाच्या घराला दार हवं, कपाटाला कुलूप हवं, आणि सत्तेच्या दप्तराला खिडकी हवी. आपण नेमकं उलट करत चाललो आहोत.

आणि हे शिकायला खरं तर लाट्वियापर्यंत जायची गरज नव्हती. आपला 'गुप्त' शब्द घ्या. संस्कृत 'गुप्' धातूचा पहिला अर्थ रक्षण करणे, लपवणे हा अर्थ नंतरचा. 'गोप' म्हणजे गाई राखणारा, गुराखी. त्या 'गोप'पासूनच हा धातू निघाला असं अभ्यासक सांगतात. म्हणजे गुप्त ते, जे कोणीतरी गाईसारखं राखलेलं आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी ते सोज्वळ वाक्य म्हणालं, तर त्याला सांगा, लपवण्यासारखं काही नाही हे खरं, पण राखण्यासारखं पुष्कळ आहे.

तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा. पटलं नाही तरी चालेल, फक्त मनात लपवून ठेवू नका!