दोष हातांचा की शिडाचा?

गेल्या उन्हाळ्यात हेलिंग बेटाच्या किनाऱ्यावर आम्ही काही कुटुंबे जमलो होतो. आमच्यातील एक चौदा वर्षांची मुलगी विंडसर्फिंगच्या फळीवर उभी राही आणि वाऱ्याच्या प्रत्येक झोतासरशी पाण्यात फेकली जाई. अखेर काठावर येऊन ती म्हणाली, "माझ्या हातांत तेवढा जोरच नाही." हे वाक्य आम्हांस टोचले, कारण दोष तिच्या हातांचा नव्हता.

शिडाचे बळ केवळ त्याच्या आकारमानावर ठरत नाही. वारा भरला की शिडाला पोट येते. पोट खोल असेल तर मंद वाऱ्यातही ओढ भरपूर मिळते. सपाट असेल तर ओढ कमी, पण जोराच्या वाऱ्यात शीड आवरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे पोट कोठे राहते. झोत येताच ते मागे सरकले की ओढीचा केंद्रबिंदूही मागे जातो आणि मागचा हात एकाएकी भारावतो. जुन्या त्रिकोणी शिडांत हेच घडे. पुढे शिडाच्या पूर्ण रुंदीच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे बॅटन, आल्या आणि पोट जागेवर राहू लागले. शर्यतीच्या शिडांत बॅटन जेथे डोलकाठीला भिडतात तेथे कॅम्बर नावाचे तुकडे बसवितात. त्यांमुळे आकार अधिक स्थिर राहतो. परंतु शीड जड होते आणि वळताना सहज पलटत नाही. म्हणून लाटांवर खेळणारे कॅम्बर टाळतात.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. हा वाढीव दाब सोडावयाचा कसा? शीड खाली खेचणारी दोरी, म्हणजे डाउनहॉल, पुरेशी ताणली की डोलकाठी वाकते आणि शिडाची मागची कड वरच्या भागात सैल पडते. झोत आला की ती उघडते व जादा वारा निसटून जातो. दोरी ढिली असेल तर सारा झोत थेट हातांवर येतो.

त्या मुलीचे शीड मोठ्या माणसाचे होते, आणि दोरीही ढिलीच होती. आम्ही लहान शीड मागून आणले, दोरी नीट ताणली. ती पुन्हा पडली, पण बरेच अंतर कापून.

याच बेटावर 1958 साली पीटर चिल्व्हर्स या बारा वर्षांच्या मुलाने फळीवर शीड उभारले होते. पुढे पेटंटच्या खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने त्याची ती खटपट ग्राह्य धरली. त्याच्या शिडाच्या सरळ दांड्या वाऱ्याच्या ताणाने कमानीसारख्या वाकत.

पालकहो, मुलांसाठी जुने शीड घेताना त्यावर छापलेली डोलकाठीची लांबी पाहा, आकार लहान निवडा आणि दोरी ताणावयास शिका. मुलांचे बळ जोखण्याआधी त्यांच्या हाती दिलेले साधन जोखावे, एवढेच आमचे सांगणे.