मुलाखतीचे भाडे कोणी भरावे?

वालचंद महाविद्यालयामुळे १९४७ पासून विश्रामबागेत अभियंते घडत आहेत. संगणकाच्या नोकरीसाठी मात्र बहुधा पुण्याची वाट धरावी लागते. आमच्या शेजारचा एक पदवीधर असाच रात्रीच्या एसटीने गेला. चार तास तिष्ठत ठेवून त्यास फळ्यावर एक कोडे घातले. त्याने स्वतः रचलेल्या आज्ञावलीविषयी चकार शब्द नाही. निकालही कळविला नाही.

उमेदवाराची गुणवत्ता मालकास थेट दिसत नाही, म्हणून तो खुणांवर विसंबतो, हे मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली मांडले. खूण तपासण्यास आक्षेप नाही. परंतु तपासणीचा भुर्दंड उमेदवाराच्या बापावर (तो बहुधा मार्केट यार्डातला दिवाणजी!) पडतो, म्हणूनच दहांऐवजी शंभरांना बोलावणे परवडते. भाडे कंपनीस द्यावे लागले, तर ती आधी आज्ञावली वाचील आणि मगच बोलावणे धाडील.