गाडी भंगारात गेली, नाव कागदावरच राहिलं

वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड. यांपैकी कुठल्याही गावातून बाहेर पडणारा रस्ता धरा, एखादा भंगाराचा अड्डा लागतोच. पत्र्याचं कुंपण, दाराशी वजनकाटा, आत दारं काढलेली मारुती आणि कुशीवर पडलेली एखादी काळी-पिवळी. ज्या जीपने वीस वर्षं खेड्यापाड्यांची माणसं, बकऱ्या आणि लग्नाची वऱ्हाडं वाहिली, तीच. अड्ड्याचा मालक बहुतेक वेळा आपल्यातला असतो. गॅस कटर धरून बसलेला पोरगाही आपल्यातलाच.

या धंद्याची आपल्याला लाज वाटावी अशी व्यवस्था समाजात पक्की आहे. 'भंगारवाला' आणि 'पंक्चरवाला' हे शब्द आता व्यवसायाची नावं राहिलेली नाहीत, ते टोमणे झाले आहेत. १४ एप्रिल २०२५ रोजी हिसारच्या सभेत पंतप्रधानांनीही वक्फच्या संदर्भात मुस्लीम तरुणांच्या पंक्चर काढण्याचा उल्लेख केला होता. त्यावर आपल्याकडे बरीच चिडचिड झाली. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. पंक्चर काढणं किंवा गाडी सुटी करणं यात कमीपणा कसला? सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवलं होतं की मुस्लीम कामगारांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारात आहेत आणि हिंदूंमध्ये हे प्रमाण सुमारे ५५ टक्के आहे. नोकरी मिळाली नाही म्हणून लोकांनी हाताचं काम शोधलं, हलाल रोजी कमावली. लाज वाटायचीच असेल तर ती कामाची नको, काम ज्या बेफिकिरीने चालतं त्याची वाटावी.

आधी गाडी विकणाऱ्याकडे पाहू. अंगणात किंवा गोठ्याशेजारी पाच-सात वर्षं धूळ खात उभी असलेली गाडी. टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं. घरातली बाई रोज म्हणते, "हे डबडं उचला." एक दिवस भंगारवाला येतो, गाडीभोवती दोन चकरा मारतो, आकडा सांगतो. थोडी घासाघीस होते, रोख पैसे हातात पडतात आणि गाडी टोचन लावून जाते. आरसी बुक? "राहू द्या तुमच्याजवळ, आपल्याला काय करायचं?" असं तोच म्हणतो आणि विकणाऱ्यालाही बरं वाटतं, आरटीओची खेप वाचली.

खरी अडचण इथून सुरू होते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर तसं परिवहन कार्यालयाला कळवून आरसी जमा करायची असते. जिथे राहता तिथल्या कार्यालयात कळवलं तरी चालतं. आपल्या जिल्ह्यात हे विशेष लक्षात ठेवण्यासारखं आहे. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या गाड्या एमएच-३० च्या आहेत, एमएच-३७ च्या नाहीत. लोक म्हणतात, आता यासाठी अकोल्याला कोण जाणार? जायची गरज नाही. मूळ नोंदणी दुसरीकडची असेल तर कागद तिकडे पाठवणं हे कार्यालयाचं काम आहे, कलमातच तसं लिहिलं आहे.

न कळवल्याने काय होतं? अड्ड्यावर गेलेली प्रत्येक गाडी कापली जातेच असं नाही. इंजिन बरं असेल तर ती दुरुस्त होऊन एखाद्या वीटभट्टीवर किंवा शेतात पुन्हा धावू लागते. विमा नाही, पासिंग नाही. तिने कुणाला उडवलं तर? ६ फेब्रुवारी २०१८ रोजी 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न निकाली काढला. त्या प्रकरणात गाडी एकापाठोपाठ अनेक हातांतून गेली होती, पण नोंदणी पहिल्याच माणसाच्या नावावर होती. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्याच्यावरच ठेवली. म्हणजे वीस हजारांना विकलेल्या डबड्यापायी काही लाखांची नोटीस घरी येऊ शकते.

अपघात ही एक गोष्ट. आपल्या गाडीचा नंबर किंवा चेसिस नंबर चोरीच्या गाडीवर चढला तर? असे प्रकार देशभर घडतात. मेरठचा सोतीगंज बाजार डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी बंद केला तो चोरीच्या गाड्या तिथे सुट्या होत होत्या म्हणूनच. त्यात इमानदारीने धंदा करणाऱ्यांचाही रोजगार गेला. पोलीस ठाण्यातून फोन आला तर कुणाचीही झोप उडते. पण आरसीवर नाव आपल्यासारखं असेल, तर तो फोन किती जड जातो हे इथल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

आता पैशाचा हिशोब. लहान मारुतीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. त्यात साधारण दोनतृतीयांश लोखंड-पोलाद, बाकी काच, रबर, प्लॅस्टिक, गादी. समजा सगळ्याला मिळून किलोला तीस रुपये धरले, तर एकोणीस-वीस हजार होतात. अड्डेवाल्याचा नफा मात्र पत्र्यात नसतो. तो बॅटरीतल्या शिशात, अल्टरनेटरच्या तांब्यात, गिअरबॉक्सच्या अॅल्युमिनियममध्ये असतो. २००० नंतरच्या पेट्रोल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखा चिनी मातीचा एक ठोकळा असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. विकणाऱ्याला हे ठाऊक नसतं आणि घेणारा सांगत नाही. बाजारात चतुराई चालते, मान्य. पण वजनात आणि मापात मारणाऱ्यांविषयी कुरआनात अल-मुतफ्फिफीन ही अख्खी सूरह आहे. जुम्याला पहिल्या सफेत बसणाऱ्या आपल्या काही अड्डेवाल्यांनी काट्याकडे बघताना ती आठवावी.

सरकारी मार्गाने गेलं तर काय मिळतं? वाहन मोडीत काढण्याच्या केंद्रांचे नियम सप्टेंबर २०२१ मध्ये आले. नोंदणीकृत केंद्रात गाडी दिली की जमा प्रमाणपत्र मिळतं आणि नोंदणी रद्द होण्याची वाट मोकळी होते. धोरण जाहीर करताना नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के इतकं भंगारमूल्य सांगितलं गेलं. खासगी गाडीच्या रस्ता करात राज्याने २५ टक्क्यांपर्यंत सूट द्यावी आणि नव्या गाडीची नोंदणी फी माफ व्हावी, असंही त्यात होतं. दुसरीकडे १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. आणि एक अफवा इथेच मोडून काढतो. पंधरा वर्षं झाली की गाडी आपोआप बाद होते, हे आपल्याकडे खरं नाही. तो वयाचा नियम दिल्ली परिसरातला. इथे गाडी तपासणीत पास झाली तर नूतनीकरण होतं.

कागदावर सगळं ठीक आहे. पण या सवलती नवी गाडी घेणाऱ्यासाठी आहेत. कारंज्याचा जो माणूस मुलीच्या फीसाठी जुनी ओम्नी विकतोय, तो नवी गाडी थोडीच घेणार आहे? त्याला हवी असते दारात येणारी रोख रक्कम, आणि ती भंगारवालाच देतो. शिवाय ही केंद्रं मोठ्या शहरांच्या आसऱ्याने उभी राहतात. बंद गाडी तिथवर टोचन करून न्यायची म्हटलं तर मिळणाऱ्या पैशातला मोठा वाटा वाहतुकीतच जाणार.

म्हणून मला वाटतं की अड्डे हटवण्यापेक्षा त्यांना या व्यवस्थेत ओढून घ्यावं. त्यात देशाचाही फायदा आहे. २०१९ च्या पोलाद भंगार धोरणानुसार एक टन भंगार वितळवलं की सुमारे १.१ टन लोहखनिज आणि ६३० किलो कोकिंग कोळसा वाचतो. घरांच्या सळ्या बनवणारं जालना आपल्यापासून फार लांब नाही आणि समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातूनच तिकडे जातो. माल आहे, रस्ता आहे, भट्ट्या आहेत, हात आहेत. नसते ती शिस्त. पेट्रोलची टाकी रिकामी आहे असं समजून तिच्यावर कटर चालवणारा सोळा वर्षांचा पोरगा मी पाहिला आहे. रिकाम्या टाकीतली वाफच भडका उडवते, हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. जळकं ऑइल जमिनीत मुरतं आणि शेजारीच विहीर असते. बॅटरी फोडून शिसं काढलं जातं आणि त्याची बाधा सगळ्यात आधी लहान मुलांना होते.

नियमांनुसार असं केंद्र व्यक्ती, फर्म, संस्था किंवा ट्रस्ट, कुणीही काढू शकतं. मात्र जागा, यंत्रं, फी, बँक हमी हे एकट्या अड्डेवाल्याच्या आवाक्यातलं नाही. दहा-बारा जणांनी मिळून फर्म केली तर ते जमण्यासारखं आहे. घाई अशासाठी की दारं एकेक करून बंद होत आहेत. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या मोडीत काढण्यासाठी नोंदणीकृत केंद्रांकडेच जायच्या आहेत. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यालाच जीएसटी भरावा लागतो, त्यामुळे तो बिलाचा माल आधी उचलतो. १ एप्रिल २०२५ पासून आयुष्य संपलेल्या वाहनांचे पर्यावरणविषयक नियम लागू झाले आहेत आणि गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांना जुन्या गाड्यांच्या विल्हेवाटीचा हिशोब द्यायचा आहे. तो हिशोब पुरा करायला त्यांना नोंदणीकृत केंद्रांची प्रमाणपत्रं लागणार आहेत.

तोवर ज्यांच्या अंगणात गाडी उभी आहे त्यांनी एवढं करावं. कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर तो आधी उतरवून घ्यावा. अड्ड्यावर गाडी डोळ्यांसमोर कापून घ्यावी, चेसिस नंबरचा तुकडा आणि दोन्ही नंबर प्लेट मागून घ्याव्यात. गाडी मोडल्याचं, तारखेसह सहीचं पत्र घ्यावं. भंगारवाला कुरकुर करेल, घेणाऱ्याने ऐकू नये. मग आरसी आणि अर्ज घेऊन वाशीमच्या कार्यालयात जावं, आणि पोचपावतीवर शिक्का पडल्याशिवाय खिडकी सोडू नये.